लिलाव अडवला गेला, आणि तुम्ही कागदावर 'प्रतिसाद नाही' लिहिलंत : राज्यातल्या तहसीलदार आणि जिल्हाधिकारी साहेबांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व मा. तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी साहेब व मॅडम,

सा.न.वि.वि.

मी मराठवाड्यातला ऊस उत्पादक शेतकरी. अडीच एकर ऊस असतो, दोन भावांत मिळून एक बोअर आणि कॅनॉलचं पाणी आलं तर आलं. तालुक्याचं, कारखान्याचं किंवा कुणा साहेबांचं नाव या पत्रात मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतलं की विषय त्या एका माणसाचा होऊन बसतो आणि बाकीचे सगळे मोकळे होतात. मला जे सांगायचंय ते उसाचे पैसे थकवणाऱ्या कारखान्याच्या जप्त साखरेचा लिलाव घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगायचंय.

आधी माझा हिशेब सांगतो म्हणजे मी एवढं का तळमळतोय ते कळेल. २०२३-२४ च्या हंगामात माझा ९६ टन ऊस कारखान्याला गेला. त्या वर्षी एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला ३,१५० रुपये होती, आमच्या कारखान्याचा उतारा तेवढाच, त्यातून तोडणी वाहतूक ८०० गेली, हातात यायला पाहिजे होते टनाला २,३५०. आले १,२००. राहिलेले १,१५० रुपये टनामागं, म्हणजे माझे एकट्याचे १ लाख १० हजार ४०० रुपये आजपर्यंत आलेले नाहीत. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, त्यात लिहिलंय की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. व्याजच धरलं तर वर्षाला साडेसोळा हजार होतं. व्याजाचं आम्ही कुणी तोंडातूनही काढत नाही, मुद्दल तरी द्या म्हणतोय.

सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरलं तर बिनव्याजी पडतं हे तुम्हाला माहितीच आहे. माझं भरलं गेलं नाही कारण उसाचे पैसेच आले नाहीत, सवलत गेली, थकबाकीदारात नाव गेलं, पुढच्या वर्षी नवीन कर्ज नाही. पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी दुभती म्हैस विकली. हे रडगाणं गात नाहीये, पण लिलाव तहकूब झाला की तुमच्या फाईलीत एक ओळ वाढते आणि आमच्या घरात काय होतं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

तर साखर आयुक्तांनी कारखान्यावर आरआरसी काढली. आम्हाला वाटलं झालं आता. आरआरसी म्हणजे जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखी वसुली, जिल्हाधिकाऱ्यांनी तहसीलदारांना सांगायचं, तहसीलदारांनी साखर जप्त करायची, गोडाऊनला सील, मग जाहीर लिलाव, आलेले पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर. कागदावर एकदम सरळ आहे. गोडाऊनला सील लागलं त्या दिवशी गावात लोकांनी पेढे वाटले होते, मी पण अर्धा किलो आणले होते.

पहिला लिलाव डिसेंबर २०२४ मध्ये होता, सकाळी ११ ला, तहसीलच्या आवारात. मी साडेनऊलाच गेलो होतो. गेटच्या बाहेर चाळीस पन्नास पोरं उभी, बऱ्याच जणांना तोंडानं ओळखतो, गाड्या आडव्या लावलेल्या. दुसऱ्या जिल्ह्यातनं साखरेचे तीन व्यापारी आले होते, त्यातल्या दोघांकडे बयाणा रकमेचा डीडी तयार होता, मी स्वतः बघितला. त्यांना गेटवर थांबवलं. शिवी नाही, मारहाण नाही, हात पण लावला नाही. एवढंच म्हणाले की शेठ, साखर घ्याल हो तुम्ही, पण ट्रक कुठल्या रस्त्यानं नेणार ते ठरवून आलात का. व्यापारी समोरच्या हॉटेलात जाऊन बसले, चहा घेतला, एकमेकांशी बोलले, दोन तीन फोन केले आणि बाराच्या आत गाड्या वळवून निघून गेले. मी त्यातल्या एकाच्या गाडीमागं पळत गेलो, हात जोडले, म्हणलं तुम्ही आत चला, साहेब आहेत, पोलीस आहेत. तो म्हणाला दादा, मला धंदा करायचाय, मला हे नको. त्याची काय चूक? त्याचं पोट साखरेवर आहे, आमच्या तालुक्यातल्या भांडणावर नाही.

हे सगळं साहेबांच्या केबिनच्या खिडकीतनं दिसत होतं. दोन पोलीस झाडाखाली उभे होते. एक वाजता साहेब बाहेर आले, पुकारा झाला, कुणीच नव्हतं.

पुढं मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आरटीआय टाकली आणि त्या दिवसाच्या कार्यवाहीची नक्कल मागवली. त्यात लिहिलंय : 'लिलावास पुरेसा प्रतिसाद न मिळाल्याने लिलाव तहकूब करण्यात येत आहे.' बास. गेटवरच्या पोरांचा एक शब्द नाही, आडव्या गाड्यांचा नाही, परत गेलेल्या तीन व्यापाऱ्यांचा नाही. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. साखर ही काय न विकली जाणारी वस्तू आहे का? लिलावाच्या वेळी सरकारचा २०१९ पासूनचा किमान विक्री दरच किलोला ३१ रुपये होता, बाजारात भाव त्याच्या वर चालला होता, आणि आमच्याच तालुक्यातल्या साखरेला गिऱ्हाईक नाही असं कागद म्हणतो. गिऱ्हाईक आलं होतं साहेब. ते हाकललं गेलं.

आता मुद्द्याचं बोलतो. सरकारी अधिकाऱ्यानं कायद्यानं मांडलेल्या विक्रीत मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे. १८६० च्या दंड संहितेत ते कलम १८४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात कलम २१९. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा पाच हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड पाचशे होता. हे कलम मला तालुक्याच्या वकिलांनी दाखवलं तेव्हा मला वाटलं सापडला मार्ग, मी त्याच दिवशी अर्ज लिहून पोलीस स्टेशनला गेलो. तिथं सांगितलं की हे अदखलपात्र आहे, आणि तुमची तक्रार यात चालतच नाही, ज्या साहेबांचा लिलाव होता त्यांनी करायला पाहिजे. मला वाटलं टोलवताहेत. वकिलांना विचारलं, ते म्हणाले पोलीस बरोबर बोलले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १९५), त्यानुसार या गुन्ह्याची दखल कोर्ट फक्त तेव्हाच घेतं जेव्हा तो अधिकारी स्वतः, त्याचा वरिष्ठ किंवा त्यानं अधिकार दिलेला दुसरा सरकारी अधिकारी लेखी तक्रार करतो. ती पण पोलिसांत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर.

म्हणजे बघा, पैसे माझे बुडाले, गेटवर उभा मी होतो, डोळ्यांनी बघितलं मी, पण तक्रार मी करू शकत नाही, पोलीस करू शकत नाहीत, परत गेलेला व्यापारी पण नाही. अख्ख्या तालुक्यात ती तक्रार फक्त तहसीलदार किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी करू शकतो, आणि वरती जिल्हाधिकारी. कायद्यानं हे का ठेवलंय ते पण समजतं मला, नाहीतर कुणीही उठून कुणावरही खोटी केस टाकेल. पण मग ज्याच्या हातात किल्ली दिली त्यानं ती वापरायचीच नाही म्हटल्यावर दार कुणी उघडायचं?

मी साहेबांना भेटलो. चांगले बोलले, खुर्ची दिली. म्हणाले पोलिसांना कळवलंय. पोलीस म्हणतात साहेबांनी कोर्टात तक्रार द्यावी. साहेब म्हणतात पोलिसांनी रिपोर्ट द्यावा. या दोन दारांत मी आठ चकरा मारल्या, प्रत्येक चकरेला एक दिवसाचा रोजगार आणि येण्याजाण्याचं तिकीट गेलं. मग एकानं हळूच सांगितलं की दादा एवढ्याशा कलमानं काय होणार, पाच हजार दंड भरून सुटतील, कशाला साहेबांना अडचणीत आणता, बदली होते.

बदलीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्यातल्या चांगल्या माणसांना काय काय सोसावं लागतं ते आम्ही पण बघतो. पण एक आठवण सांगतो, ती वाचून तुम्हीच काय ते ठरवा.

काही वर्षांमागं आमच्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर थकलेल्या कर्जापोटी जप्त करून वसुली अधिकारी लिलावाला लावणार होते. त्या वर्षी पाऊस नव्हता, सोयाबीन हातचं गेलं होतं. आम्ही तीसेक जण तिथं जाऊन बसलो, बोली लावू नका म्हणून येणाऱ्याला विनंती केली, घोषणा दिल्या. आदल्या दिवशीच आमच्या घरी पोलिसांच्या १४९ च्या (गुन्हा करू नका अशा ताकिदीच्या) नोटिसा आल्या होत्या. लिलाव त्या दिवशी झाला नाही. आणि पंधरा दिवसांच्या आत आमच्यातल्या सात जणांविरुद्ध कोर्टात लेखी तक्रार दाखल झाली होती, अधिकाऱ्याच्या सहीची, नीट, तारीखवार, कोण कुठं उभा होता, कोण काय म्हणाला सगळं लिहिलेलं. त्या सातात मी होतो. दोन वर्षं तारखा केल्या. शेवटी चूक कबूल केली, दंड भरला. लिलाव अडवला होता हे खरंच होतं, मी ते नाकारलं नाही आणि आज पण नाकारत नाही. ट्रॅक्टर पुढच्या महिन्यात बंदोबस्तात विकला गेला, ते पण कायद्यानंच झालं.

म्हणून मला कुणी सांगू नये की हे कलम वापरता येत नाही. मी स्वतः त्या कलमात उभा राहून आलोय. तेव्हा अधिकाऱ्याला तक्रार लिहिता आली, साक्षीदार मिळाले, बंदोबस्त मिळाला, पंधरा दिवस पुरले. शेतकऱ्यानं शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वाचवायला अडथळा आणला तर तो गुन्हा, आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडवून बसलेल्यांनी अडथळा आणला तर तो 'अपुरा प्रतिसाद', असं कसं चालेल साहेब? एकच कायदा आहे ना.

आता तक्रारी एकेक करून लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे कार्यवाहीत खरं लिहिलं जात नाही. प्रतिसाद न मिळणं वेगळं आणि प्रतिसाद देणाऱ्याला परत पाठवलं जाणं वेगळं. तुम्ही एकदा 'प्रतिसाद नाही' लिहिलंत की पुढं सगळे पुरावे मेले. उद्या दुसरे साहेब आले आणि त्यांना तक्रार करायची इच्छा झाली तरी त्यांच्या हातात तुमचाच कागद आडवा येणार. वरून अजून एक होतं, प्रतिसाद नाही म्हणून हातची किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली घेत नाहीत ती किंमत, कमी करायचा प्रस्ताव जातो. मग तीच साखर कमी भावात कुणाच्या घशात जाणार हे आम्हाला सांगायला नको. किंमत कमी झाली की कमी पडणारे पैसे शेवटी आमच्याच बिलातनं कमी पडणार.

दुसरी, खोटे बोलीदार. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या लिलावात एक माणूस आला, ज्याच्या नावावर सात बारा पण नीट नाही, त्यानं सगळ्यात चढी बोली लावली, बाकीचे गप्प बसले, आणि नंतर उरलेली रक्कम भरलीच नाही. अडीच महिने गेले त्यात. पैसे भरायचा इरादाच नसताना बोली लावणं हा पण वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २२०, जुनं १८५. त्याची तक्रार पण तुम्हीच करायची असते. झाली नाही. अनामत जप्त झाली का ते विचारलं तर 'कार्यवाही सुरू आहे'.

तिसरी, मे महिन्यातला लिलाव. या वेळी कामगारांना पुढं केलं. कामगारांचे पण कित्येक महिन्यांचे पगार थकलेत, त्यांचं दुःख खरं आहे, त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही आणि त्यांच्यावर केस करा असं मी अजिबात म्हणत नाही, त्यातले निम्मे आमचेच पाव्हणे आहेत. हातात फलक घेऊन बाजूला बसणं, साहेबांकडे लेखी हरकत देणं, कोर्टातून स्टे आणणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. बँकेचं साखरेवर तारण असेल तर बँकेनं पण कोर्टात जावं. पण गेट बंद करून बोली लावणाऱ्याला आतच येऊ न देणं हा हक्क नाही, आणि ते करायला कामगारांना तिथं आणून सोडणारा कोण होता हे तुम्हालाही माहिती आहे. तक्रारीत नाव त्याचं यायला पाहिजे.

चौथी, मुदत. एवढ्या छोट्या शिक्षेच्या गुन्ह्यात एक वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं, नंतर सहसा दखल घेतली जात नाही. मला तर वाटतं कित्येक ठिकाणी फाईल त्यासाठीच फिरवत ठेवतात. मुदत संपली की सगळेच मोकळे.

एफआरपी एकरकमी मिळावी म्हणून शेतकरी हायकोर्टापर्यंत गेले, २०२२ चा दोन हप्त्यांचा जीआर मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, टीव्हीवर बातम्या आल्या, आम्हाला आनंद झाला. पण एक हप्ता म्हणा की दोन, कारखान्यानं दिलेच नाहीत तर शेवटचा उपाय आरआरसी, आणि आरआरसीचा शेवट लिलावात, आणि लिलावाचा शेवट गेटवर उभ्या पोरांच्या हातात. एवढी मोठी लढाई येऊन अडकते कुठं तर तहसीलच्या गेटवर.

मागण्या साध्या आहेत, एक पण अशी नाही की जिला नवीन कायदा लागेल (शेवटची सोडून).

लिलावाच्या दिवशी सकाळपासून आवाराचं आणि गेटचं व्हिडिओ शूटिंग करा, आणि कार्यवाहीत जे घडलं ते लिहा. किती बोलीदार आले, कोण आत पोहोचले, कोण परत गेले आणि का. परत गेलेल्याचा जबाब फोनवर नाही तर त्याच्या गावच्या तहसीलमार्फत घ्या, तो स्वतःच्या गावात बसून खरं सांगेल.

अडथळा आला की महिन्याच्या आत कलम २१९ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तहसीलदारांवर स्थानिक दबाव असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी करावी, वरिष्ठ म्हणून त्यांना तो अधिकार आहेच. सरकारी कामात केलेली लेखी तक्रार असली तर सुरुवातीला शपथेवर जबाब पण कोर्टाला घ्यावा लागत नाही, म्हणजे तुमचा दिवस पण मोडत नाही. आणि जाहीरनामा, नोटीस, दवंडी हे सगळं आधी बिनचूक करा, कारण लिलाव कायदेशीर असेल तरच हे कलम लागतं, कागदात खोट राहिली तर समोरचा तिथंच सुटतो.

बोली ऑनलाइन घ्या. वाळू घाटांचे लिलाव ऑनलाइन होऊ शकतात तर साखरेचे का नाही? व्यापारी त्याच्या दुकानात बसून बोली लावेल, गेटवर कुणी उभं राहून काही उपयोग नाही. पण नुसतं ऑनलाइन करून भागणार नाही, साखर गोडाऊनमधनं बाहेर पडून तालुक्याची हद्द ओलांडेपर्यंत पोलीस बंदोबस्त देऊ असं लिलावाच्या अटीतच लिहा. व्यापाऱ्याला भीती बोलीची नव्हती, रस्त्याची होती.

पैसे न भरणाऱ्या बोलीदाराची अनामत जप्त करा, नाव नोटीस बोर्डावर लावा आणि २२० खाली तक्रार करा.

अडथळा आला म्हणून हातची किंमत कमी करू नका.

आणि मंत्रालयातल्या गृह व विधी विभागाला एक विनंती. एक महिना आणि पाच हजार, कोट्यवधींचा लिलाव अडवणाऱ्याला याची काय जरब बसणार? सरकारी कर्मचाऱ्यावरच्या हल्ल्याच्या जुन्या कलम ३५३ ची शिक्षा आपल्या राज्यानं दुरुस्ती करून दोनाची पाच वर्षं केली होती. म्हणजे राज्याला करता येतं. जिथं शेतकऱ्याचे, कामगाराचे किंवा ठेवीदाराचे पैसे वसूल करायला लिलाव असेल तिथं हा गुन्हा दखलपात्र करा. तोपर्यंत आहे ते कलम तरी वापरा.

शेवटचं आमच्याच तालुक्याच्या साहेबांना. डिसेंबरच्या लिलावाला वर्ष भरायला आता एक महिना राहिलाय. वकिलांनी पैसे न घेता दोन पानांचा तक्रारीचा मसुदा करून दिलाय, त्यात तारीख, वेळ, साक्षीदार म्हणून माझ्यासह अकरा शेतकऱ्यांची नावं आहेत, आणि आम्ही अकराही जण कोर्टात यायला तयार आहोत असं लिहून सह्या केल्यात. एकाच्या मोबाईलमध्ये गेटवरच्या गाड्यांचे फोटो आहेत, ते पण जोडलेत. सोमवारी आवक-जावकला दिलंय, पोच माझ्याकडे आहे. खाली सहीची जागा मोकळी आहे, ती फक्त तुम्ही भरू शकता. येत्या सोमवारी मी परत येतो.

आपला,
९६ टनांचा एक ऊस उत्पादक
मराठवाडा